आमच्या दरीला प्रतिध्वनी नाही

३ तारीख, मंगळवार

आणि वरून टोपी घालायची म्हणे! हिरवीगार, पोपटासारखी. तिच्यावर लिहिलंय ‘मी निसर्गमित्र’. ज्या डोंगरावर मी नाक पुसत वाढले, गाठोडी वाहून वाहून जिथे माझी मान आखूड झाली, त्याच्याशी मैत्री करायला आता मला टोपी लागणार. शिवाय बस. शिवाय शिट्टी वाजवणारी मार्गदर्शक.

हे सगळं आमच्या साहेबाच्या डोक्यातून निघालेलं. आमची लाँड्री हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुते, तिथला हा साहेब. वाळवणीच्या खोलीच्या दारावर त्याने कागद डकवला: निसर्ग व संस्कृती सहल, रविवार पंधरा तारीख, सर्वांनी यायचेच. इतक्या वर्षांत ह्यांनी आम्हाला बसायला एक स्टूल दिलं नाही, आणि निघाले डोंगर दाखवायला.

मी म्हटलं, मी येणार नाही. तो म्हणाला, "बाई, कारण सांगा."

"माझा बघून झालाय तो डोंगर."

"कधी?"

"जन्मल्यापासून लग्नापर्यंत."

तर हसला. "मग तुम्हीच सगळ्यांच्या पुढे चालायचं!" पालथ्या घड्यावर पाणी.

जाडी म्हणाली, "चल गं. फुकट जेवण आहे." जाडी म्हणजे माझ्या चादरीचं दुसरं टोक. घडीच्या टेबलावर आम्ही दोघी. दोन कोपरे तिचे, दोन माझे. ओढायचं, झटकायचं, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, परत लांब जायचं. बाई काडीसारखी आहे म्हणून तिचं नाव जाडी.

ही डायरी साबणवाल्याने सगळ्यांना फुकट वाटली. लेक फोनवर म्हणते, आई तू माझ्याशी बोलत नाहीस, भांडतेस. मग आता इथे भांडते. वही तरी मधेच ‘बरं, ठेवते गं’ म्हणत नाही.

६ तारीख, शुक्रवार

सगळे मला विचारतात, वर काय काय आहे? जसं काही मी तिथली मालकीण.

वर विश्रामगृह आहे. शहरातले लोक हवा खायला यायचे. त्यांच्या चादरी आमची आई धुवायची. आमचं घर दरीच्या पलीकडे, झऱ्याजवळ. विश्रामगृहाच्या कठड्यावरून समोर दिसायचं, पण जायचं म्हणजे दरीच्या कडेने वळसा, आणि मधे एका ठिकाणी वाट इतकी अरुंद की डोक्यावर गाठोडं घेऊन वळता यायचं नाही. म्हणून कठड्यावर उभं राहून हाक मारायची, "घर आहे काऽऽ?" घरात जी असेल तिने ओ द्यायची, "आहेऽऽ, ये!" आणि लगेच निघायचं, निम्म्या वाटेवर येऊन गाठोडं घ्यायला.

धुकं असलं की काही दिसायचं नाही. पांढऱ्यात उभं राहून ओरडायचं आणि पांढऱ्यातूनच ओ यायची. धुराचा वास, साबणाचा वास, आणि ती ओ. तेवढं आलं की भूक लागायची.

घरातल्याने मात्र आधी हाक मारायची नाही. कधीच नाही. वडिलांनी ठरवून दिलेलं. चुलतभाऊ त्या अरुंद जागेवर होता, काकूने घरातून हाक मारली, तो वर बघायला गेला आणि पाय मोडून घेतला. तेव्हापासून नियम. जो बाहेर आहे त्याने हाक मारायची. जो घरात आहे त्याने वाट बघायची.

बहुतेक वेळा घरात ताई असायची. मी शाळेत होते, चौथीपर्यंत. ताई दुसरीतूनच घरी बसली. तिला शाळेचा कंटाळा होता. तीच म्हणायची तसं.

ताई अजून तिथेच आहे. लग्न नाही केलं. आई होती तोवर आईचं निमित्त होतं. आई गेली तेव्हा मी म्हटलं, "चल खाली, माझ्याकडे राहा." ती म्हणाली, "तू राहा वर." माझा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, लेक अजून शिकत होती, मी काय वर राहणार? म्हटलं, "मग बस डोंगराला कवटाळून." आणि खाली आले.

त्याला आता किती वर्षं झाली. एक निरोप नाही. एक हाक नाही. मोठी ती आहे. आधी तिने विचारायला नको?

लाँड्रीच्या गच्चीवरून डोंगर दिसतो. मी त्याच्याकडे पाठ करून वाळत घालते.

१० तारीख, मंगळवार

आता कळलं सहल कशाची ते. पुढच्या एक तारखेला घडीचं यंत्र येणार. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने इस्त्री होऊन घडीच बाहेर. साहेबाने आम्हा दोघींना आत बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच ओळखलं.

जाडी म्हणाली, बरं झालं, मी लेकाकडे जाते, तो कधीचा बोलावतोय. मला साहेब म्हणाला, "तुमच्यासाठी काउंटर ठेवलाय. बसून काम. फक्त गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. महिनाअखेरपर्यंत सांगा."

बाहेर आल्यावर जाडी इतकी हसली की भिंतीला टेकली. "तू! गोड!"

"का? बोलू शकत नाही का मी?"

"बोल बरं. मी गिऱ्हाईक. माझ्या चादरीवर डाग राहिलाय."

"डाग पाडायच्या आधी कळत नव्हतं का?" मी म्हटलं.

मग मलाही हसू आलं. मग उरलेल्या चादरी केल्या.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, इकडे ये. तिच्या सासूचे आणि माझे एका चुलीवर दोन दिवस निघतील, तिसऱ्या दिवशी चूल फुटेल.

१४ तारीख, शनिवार

उद्या सहल. जातेय, कारण जाडीबरोबरचं शेवटचं फिरणं. बाकी काही नाही.

पिशवीत साखर घेतली. प्रवासात लागते. एक पुडा घेतला, लहान मिळाला नाही. लोकरीचे पायमोजे घेतले, मला मोठेच होतात ते, पण वर गार असतं. सुया आणि जाड दोरा. काही फाटलं तर असावं.

पलीकडे वगैरे जायला वेळ नाहीच. बसचं वेळापत्रक आहे.

१६ तारीख, सोमवार

काल लिहिलं नाही. अंग आंबलं होतं. आज कामावरून आल्याबरोबर बसलेय, चहासुद्धा ठेवला नाही.

बसमध्ये एक पोरगी उभी, माझ्या लेकीएवढी, गळ्यात शिट्टी. तीच मार्गदर्शक. गोड होती, पण सारखी शिट्टी. झाडाखाली उभं करून सांगते, "हळू बोला हं, पक्षी उडतील," आणि लगेच फुर्रर्र. पक्षी कशाला थांबतात! झाडांच्या बुंध्यांवर नावाच्या पाट्या ठोकल्यात. ज्या वाटेला आमची सकाळ जायची तिथे बस चहा गार व्हायच्या आत पोचली. मी खिडकीला डोकं लावून बसले होते. वळणं सगळी तीच. पोटाला आधी कळत होतं, आता डावीकडे, आता उजवीकडे.

मग संस्कृती. संस्कृती म्हणजे काय, तर आमची शाळा! एक खोली, तेच बाक, तोच फळा. चहूबाजूंनी दोरी आणि पाटी: हात लावू नये. मी दोरीखालून गेले आणि खिडकीजवळ बसले.

"काकू, काकू! ते प्रदर्शन आहे!"

"ही माझी जागा आहे."

"पण तिथे बसायचं नसतं."

"मास्तरपण हेच म्हणायचे. इथे बसून बाहेर बघते म्हणून."

सगळे हसले. साहेबाने तर फोटो काढला. पण तिथून बाहेर बघितलं आणि मला वाटलं आत्ता ताई दिसेल. रोज शाळा सुटायच्या आधी ती तिथे येऊन उभी राहायची, डोक्यावर गाठोडं. घरी जाईपर्यंत विचारायची, आज काय शिकवलं? सगळं म्हणून दाखवायला लावायची, पाढे, कविता, नद्यांची नावं. आणि माझ्यामागून स्वतः पुटपुटायची. शाळेचा एवढा कंटाळा असलेली बाई, पण माझी परीक्षा घ्यायची हौस केवढी! मोठ्या बहिणी असल्याच.

जेवण विश्रामगृहात. तिथे आता खानावळ आहे. मग शिट्टीवाली सगळ्यांना कठड्याशी घेऊन गेली. तिथे नवी पाटी. प्रतिध्वनी स्थळ.

मी म्हटलं, "इथे प्रतिध्वनी नाही."

"आहे ना काकू. लोक खास त्यासाठी येतात."

"दरीत झाडी आहे. झाडी आवाज खाते. आमच्या दरीला कधी प्रतिध्वनी नव्हता."

"पूर्वी नसेल. आता येतो. फक्त जरा उशिरा येतो, आणि बुधवारी येत नाही. वाऱ्यामुळे असेल."

बुधवारी खालच्या गावात बाजार असतो. पण म्हटलं, आपल्याला काय त्याचं.

साहेब पुढे झाला, छाती फुगवून. "हॅलोऽऽ!"

सगळे गप्प. मग समोरून, लांबून, बारीक: "हॅलोऽऽ!"

टाळ्या. साहेबाचा चेहरा असा, जसा डोंगर त्याला सलाम करतोय. मग जाडी ओरडली, "कपडे वाळले काऽऽ?"

"कपडे वाळले काऽऽ?" आणि त्याच्यामागून खोकला.

खोकणारा प्रतिध्वनी! कोणाच्या लक्षात नाही आलं, हसण्यात गेलं. माझे कान तापले. तो खोकला मी ओळखते. थंडीत सकाळी पहिलं लाकूड फोडताना यायचा तिला. समोर झाडीमधून पत्र्याचा एक तुकडा दिसत होता आणि थोडा धूर.

मला इतका राग आला! सगळ्या शहराला ओ देत बसलीय. येईल त्याला, जाईल त्याला. टोपीवाल्यांना! आणि सख्ख्या बहिणीला मात्र एवढ्या वर्षांत एक शब्द नाही. मी ओरडणार होते, लाज वाटत नाही काऽऽ. तोंड उघडलं तेच म्हणायला. निघालं भलतंच.

"घर आहे काऽऽ?"

काही आलं नाही. वारा नुसता. शिट्टीवाली हळूच म्हणाली, "कधीकधी नाही येत." साहेब म्हणाला, "बाईंचा आवाज ऐकून पळाला!" लोक हसायला लागले, आणि त्या हसण्यामधून आलं, फाटलेलं, घाईघाईत:

"आहेऽऽ! ये! येऽऽ!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "असं कधी झालं नाही," शिट्टीवाली म्हणाली. "तेच शब्द येतात. कायम तेच शब्द येतात." साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही प्रतिध्वनीसुद्धा बिघडवलात." जाडीने माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

मी निघाले. मागून शिट्टी. परत शिट्टी. वाजव म्हटलं.

वाट अरुंद होती ती आणखी अरुंद झालीय, का मीच रुंद झालेय. त्या जागेशी पोचले तर पलीकडून ती येत होती. काठी टेकत, घाईने, चपला उलटसुलट. केस सगळे पांढरे. निम्म्या वाटेवर थांबली आणि हात पुढे केले.

"दे."

"काय दे?"

"गाठोडं."

मी पिशवी दिली. ती डोक्यावर ठेवायला निघाली, मग लक्षात आलं तिच्या, काखेत धरली. वळली आणि पुढे चालायला लागली. एवढ्या वर्षांनी भेटलो आणि मला दिसली ती तिची पाठ.

घरात गेल्यावर म्हणाली, "जाड झालीस, धाकटे."

"तू वाळलीस."

"चहा?"

"मग काय उपाशी पाठवणार?"

चूल तिथेच. खिडकीतला फुटका कप तिथेच, फक्त त्यात आता चमचे. अंजिराचं झाड पत्र्यावर टेकलंय, कोणीतरी फांद्या छाटायला पाहिजेत. मी बसले आणि सुरू केलं. आधी राग काढल्याशिवाय मला चहा उतरत नाही. म्हटलं, "एवढ्या वर्षांत एक हाक मारली नाहीस!"

ती म्हणाली, "मी घरात होते."

हे काय उत्तर झालं? घरात होते म्हणे! घरातून बाहेर पडता येत नाही का? बाजाराला जातेस ती काय उडत जातेस? माणसाला काही विचारावं आणि ह्या बाईने हे असं बोलावं.

म्हटलं, "आणि लोकांना फसवतेस ते? शहरातून लोक येतात, टोप्या घालून!"

"फसवत कुठे? त्यांनी हाक मारली, मी ओ दिली."

"कशाला पण? तुझे कोण लागतात?"

"कानाला आता नीट कळत नाही, कोण आहे ते. शब्द कळतात, आवाज आलेला कळतो. कोणाचा ते कळत नाही. मग सगळ्यांनाच देते."

"आणि त्यांचेच शब्द परत कशाला देतेस?"

"मग काय ‘आहे, ये’ म्हणू? सगळी बस आली असती चहाला."

मी हसले नाही. चहा नाकात गेला एवढंच.

बाहेर दोरीवर घोंगडी होती. ढग येत होते म्हणून ती उठली. घोंगडी काढली आणि काही न बोलता दोन कोपरे माझ्याकडे केले. ओढली, झटकली, जवळ आलो. कोपऱ्याला कोपरा लागला. तिची बोटं माझ्या बोटांखाली गार होती. माझ्या जाडीचं एक टोक नेहमी जरा पुढे येतं, मी कितीदा सांगितलं. हिचं नाही आलं.

ती म्हणाली, "ढग नसले की तुमचं शहर दिसतं. एका गच्चीवर पांढरं पांढरं वाळत असतं. तुझंच ना?"

"शहरात कितीतरी गच्च्या आहेत."

"असतील."

शिट्टी तिथपर्यंत ऐकू येत होती, तिलाही कळली. पिशवी रिकामी करून दिली माझी. साखर बघून म्हणाली, "एवढी?" म्हटलं, "लहान पुडा नव्हता." टोपी तिथेच राहिली. निघताना बघितलं तर ती टोपी घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती. निसर्गमित्र!

मग टोपीसकट निम्म्या वाटेपर्यंत सोडायला आली. अरुंद जागेशी मी म्हटलं, "चल खाली." ती माझ्या पायांकडे बघत राहिली. म्हणाली, "पाय सांभाळ." मी पार होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढला नाही.

बस थांबली होती, सगळे वैतागलेले. शिट्टीवाली माझ्याजवळ येऊन बसली. हळूच विचारलं, "काकू, ते काय होतं?"

"वारा फिरला असेल," मी म्हटलं.

१९ तारीख, गुरुवार

चार दिवस तेच डोक्यात. मी घरात होते. मी घरात होते. अरे, होतीस तर होतीस!

आज घडी करताना जाडीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कठडा, हाक, चुलतभावाचा पाय, सगळं, आणि मग ताईचं ते उत्तर. म्हटलं, तूच सांग, ह्याला काही अर्थ आहे का? तर जाडीने चादर सोडली आणि डोळे पुसायला लागली. काय झालं विचारलं. म्हणे साबण गेला डोळ्यात. कोरड्या चादरीत कुठला आलाय साबण!

मग म्हणाली, "तू गोड बोलायच्या काउंटरवर बसणार आहेस का खरंच?"

"नाहीतर काय करू?"

"मला काय विचारतेस," ती म्हणाली. "मी काय तुझी ताई आहे?"

ही पण आता तिच्यासारखंच बोलायला लागली. सगळ्या जणी मिळून मला कोडी घालतात.

संध्याकाळी खोलीवर आले. चांगली खोली आहे. नळ आत आहे. दार उघडलं आणि उगाच उंबऱ्यात उभी राहिले. आत कोणी नसतं हे मला काय आज कळलं? पण उभी राहिले खरी.

२१ तारीख, शनिवार

विचार केला. फार नाही केला, फार केला की माझं डोकं दुखतं.

तिला नीट ऐकू येत नाही. पाय धड नाही. अंजिराची फांदी एखाद्या वादळात पत्रा घेऊन जाईल. वर लोकांना फसवते, कधीतरी पकडली जाईल. तिच्याजवळ कोणीतरी पाहिजे. ती खाली येत नाही, हट्टी आहे, मग कोणीतरी शहाणपणा दाखवायला नको? मला काही डोंगराची हौस नाही. आणि खानावळीला टेबलावरच्या चादरी आणि रुमाल धुवून लागतात, ते मी रविवारी बघून आले. आता बस पाठवून शहरात धुवून आणतात, मूर्ख लोक. झरा समोर असताना.

सहलीच्या कागदावरचा नंबर बघून शिट्टीवालीला फोन केला. ती उद्या दुसऱ्या लोकांना घेऊन वर जातेय. म्हटलं, दरीच्या पलीकडे एका बाईला निरोप द्यायचाय, वाट मी सांगते, आणि तुला प्रतिध्वनीही बघायला मिळेल, पण कोणाला बोलायचं नाही. ती म्हणाली, "काकू, मला वाटलंच होतं. प्रतिध्वनी खोकतो कधी?" मग इतके दिवस बोलली का नाही विचारलं, तर म्हणे, "छान वाटायचं. कोणीतरी आहे असं."

चिठ्ठी सकाळी बसपाशी देते, तिने ती ताईला मोठ्याने वाचून दाखवायची. आधी इथे लिहून बघते.

ताई, ही पोरगी वाचतेय ते नीट ऐक, कान पुढे कर. साहेबाला मला महिनाअखेरपर्यंत सांगायचंय, म्हणून मला फार वेळ नाही. अंजिराच्या बाजूची खोली रिकामी आहे, त्यात तू लाकडं भरलीस ती मी बघितली. ती काढ. खिडकीजवळची जागा माझी. मला चहात साखर जास्त लागते, त्यावर बोलायचं नाही. मी रागावले की गप्प बसायचं, मी आपोआप थंड होते. आणि रोज काय केलं, कुठे गेले, असली परीक्षा घ्यायची नाही. घेतलीस तर घे, पण रोज नाही.

पुढच्या रविवारी, एकोणतीस तारखेला, बस वर पोचली की मी कठड्यावर उभी राहीन. बरोबर एक वळकटी असेल, ती अरुंद जागेवरून मला एकटीला नेता येणार नाही. मी एकदाच विचारणार. दोनदा विचारायची मला सवय नाही. काय ते उत्तर रविवारी दे. आणि हे बघ, बाकीच्यांना देतेस तसे माझेच शब्द मला परत द्यायचे नाहीत. मला माझं उत्तर पाहिजे.